शून्य ते शंभर

मोटारींची परीक्षणे हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा, असे आम्हाला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. त्यालाही संकेत आहेत, ठरीव विशेषणे आहेत, आणि स्तोत्राच्या शेवटी फलश्रुती यावी तसे अखेरीस एक कोष्टक आहे. या कोष्टकात दोन आकड्यांचा मान मोठा: शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला लागणारे सेकंद, आणि कमाल वेग. बड्या मोटारींच्या बाबतीत हे आकडे डोळे दिपवण्यापुरते असतात. छोट्या मोटारींपाशी आला की परीक्षक ते जरा ओशाळूनच देतो. आमचे मत उलट आहे. ज्याच्यापाशी मुळात थोडे आहे, त्यालाच प्रत्येक सेकंदाचा हिशेब ठेवावा लागतो.

दोन गाड्या समोर ठेवू. पहिली मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली, २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. दुसरी टाटांची नॅनो. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात तिचे दर्शन झाले, २००९ च्या मार्चमध्ये ती विक्रीला आली, आणि २०१८ च्या जूनमध्ये महिनाभरात तिचा अवघा एक नग तयार झाल्याची बातमी आली. एकीचे नाव जन्मतःच सूर्याकडे झेपावलेल्या वायुपुत्राचे. दुसरीचे नाव एका अब्जांशाचे. नामकरणातच शर्यतीचा निकाल लावून टाकल्यासारखा.

प्रत्यक्षात निकाल इतका सरळ नाही. मारुतीचे इंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ सीसीचे, पुढे बसवलेले. चार गिअरच्या नंतरच्या गाड्यांत ताकद ३७ अश्वशक्ती, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. नॅनोचे दोन सिलिंडरांचे, ६२४ सीसीचे, मागे बसवलेले. पहिल्या गाड्यांची ताकद साधारण ३४ ते ३५ अश्वशक्ती, वजन सुमारे ६०० किलो. भागाकार करून पाहिला तर दोघींच्याही वाट्याला टनामागे सत्तावन्नच्या आसपास अश्वशक्ती येते. म्हणजे जागेवरून निघताना कोणी कोणाला हिणवावे असा फरक नाही. फरक पडतो तो पुढे. मारुतीचा टॉर्क ५९ न्यूटन-मीटर, नॅनोचा ४८. शिवाय वाऱ्याशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर ताकद आठपट. नॅनो मारुतीपेक्षा जवळजवळ पाव मीटर उंच. आत बसणाऱ्याचे डोके छताला लागत नाही, याची किंमत ती वाऱ्याला मोजते. शंभरी गाठायला तिला अर्ध्या मिनिटाच्या जवळपास वेळ लागे, आणि १०५ वर तिचा वेग रोखलेला होता. मारुती १२० च्या पुढे जाई.

आमच्या कुटुंबात या दोन्ही गाड्या एके काळी होत्या. आमची ८००, २००३ सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली. धाकट्या मेव्हण्यांची नॅनो २०१० ची. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला जाताना दोन्ही गाड्या एकापाठोपाठ निघत. शहरात दोघी बरोबरीने चालत. घाटात नॅनो निमूटपणे चढे. चढावर भार मागे सरकतो, आणि तिची ओढणारी चाके मागेच होती. घाट संपून सपाटी लागली आणि साठाचा काटा ओलांडला, की मात्र आमची गाडी हळूहळू पुढे सरके. एकदा चहाला थांबलो असता आम्ही हा सिद्धान्त मेव्हण्यांना सविस्तर ऐकवला. ते म्हणाले, "दादा, एसटीच्या मागे राहिलो म्हणून कराड काय पळून जाणार आहे का?"

हे उत्तर आम्हाला विनोदापेक्षा अधिक वाटते. एसटी ताशी ५० ने चालली आहे असे धरा. तिला ओलांडायचे, तर मागचे-पुढचे अंतर आणि तिची लांबी मिळून चाळीसेक मीटर जादा कापावे लागतात. आपला वेग ७० असेल तर हे सात सेकंदांत होते. समोरून ६० ने कोणी येत असेल, तर तोवर दोघे मिळून अडीचशे मीटरांहून अधिक रस्ता खातात. गाडी ६० पर्यंतच पोचत असेल तर चौदा सेकंद लागतात आणि पावणेपाचशे मीटरांहून अधिक रस्ता मोकळा लागतो. कोकणातल्या वळणांच्या दुपदरी रस्त्यावर इतके मोकळे अंतर कुठे दिसते? म्हणून शून्य ते शंभर हा आकडा तसा निरुपयोगीच. ज्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो, ते पन्नास ते ऐंशीमधले सेकंद. काही नियतकालिके गिअर न बदलता घेतलेल्या अशा वेळाही छापतात. वाचक मात्र त्या ओळीवरून नजर पुढे नेतो.

आणि एक आकडा तर त्या ओळीतही नसतो. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय छोट्या मोटारींच्या धडक-चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. वेग ताशी ६४ किलोमीटर. प्रौढांच्या सुरक्षिततेत नॅनोला एकही तारा मिळाला नाही. त्या फेरीतल्या इतर चार मोटारींनाही नाही. मारुती ८०० त्या चाचणीत नव्हती, पण तिचा आराखडा त्याहून जुना, हे विसरून चालणार नाही. शंभर गाठायला अर्धे मिनिट घेणारी गाडी धडकेत चौसष्टवरून शून्यावर सेकंदाच्या दशांशाच्या आसपास येते. हेही त्वरणच, फक्त चिन्ह उणे. शरीराला वेग कळतच नाही; पृथ्वी आपल्याला सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरवते, आणि पेल्यातले पाणीही डचमळत नाही. कळतो तो वेगातला बदल.

तरीही नॅनोला दोषी ठरवून मोकळे होणे आम्हाला जमत नाही. स्कूटरवर भिजत चाललेले चौघांचे कुटुंब पाहून ही गाडी सुचली, असे रतन टाटा सांगत. मेव्हण्यांच्या घरी तेच चित्र होते: पुढे उभा थोरला, मागे बहिणीच्या मांडीवर धाकटी. त्यांची तुलना ८०० शी नव्हतीच, त्या स्कूटरशी होती. आळीत मात्र गाडीला 'स्वस्तातली' हेच विशेषण चिकटले, आणि ते कोणत्याही घड्याळाने मोजलेल्या सेकंदांपेक्षा जड ठरले. तिला 'सर्वांत स्वस्त' म्हणून विकणे चुकले, अशी कबुली पुढे खुद्द टाटांनीही दिली.

तेव्हा कोष्टक राहू द्यावे, पण त्यात दोन रकाने वाढवावेत. थांबायला किती मीटर लागतात, हा पहिला. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते, हे त्याखाली लिहावे. दुसरा रकाना असा, की ही गाडी घेण्यापूर्वी हे कुटुंब कशावरून प्रवास करीत होते. छोट्या मोटारीच्या गतीचे खरे मोजमाप या दोन रकान्यांच्या मध्ये कुठेतरी आहे.