शिल्लक आणि नोंदी

आम्हा मालेगावकरांना आयुष्यभर एक वाक्य जादा बोलावे लागते. ‘मालेगाव’ म्हटले, की समोरचा लगेच नाशिकची आणि यंत्रमागांची चौकशी सुरू करतो. मग आम्ही म्हणतो, ‘ते नव्हे हो, वाशिमचे.’ बरे, हेही उत्तर अर्धेच. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘जिल्हा अकोला’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला आणि आम्ही ओसरीवर बसल्या बसल्या दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. आज जिल्हा कोणता, याचे उत्तर एका शब्दात देता येते. पण दाखला आणि पत्ता जुळत का नाहीत, हे सांगायला मध्ये काय घडले ते माहीत असावे लागते.

ही दृष्टी मला दिली ती माझ्या भाच्याने. तो पुण्याला हिंजवडीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. दिवाळीला आला तेव्हा मी सहज विचारले, ‘सध्या काय चाललंय?’

‘एफ शार्पमध्ये इव्हेंट-सोर्स्ड अ‍ॅग्रिगेट बांधतोय, मामा.’

यातले ‘बांधतोय’ मला कळले. आमचेही वरच्या खोलीचे काम चालू होते.

माझा चेहरा पाहून तो मराठीवर आला. ‘बहुतेक प्रोग्रॅम नुसती शिल्लक ठेवतात. काही घडलं की जुना आकडा पुसायचा, नवा लिहायचा. आम्ही काय काय घडलं तेच क्रमाने लिहून ठेवतो. शिल्लक हवी असेल तेव्हा पहिल्या नोंदीपासून हिशेब करत खाली यायचं.’

‘अरे, मग याला खातं म्हणतात!’ मी ओरडलोच. वाचकहो, बी.कॉम. झाल्याचा एवढा अभिमान मला पदवीदानाच्या दिवशीही वाटला नव्हता. लुका पाचिओली नावाच्या इटालियन साधूने दुहेरी नोंदीची पद्धत 1494 साली व्हेनिसमध्ये पुस्तकात छापली. आपल्याकडच्या पेढ्यांवर कीर्द-खतावणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. आणि मार्टिन फाउलर या संगणकवाल्या लेखकाने ‘इव्हेंट सोर्सिंग’वर लेख लिहिला तो 2005 साली! म्हणजे ही मंडळी आमच्या काउंटरवर पाचशे वर्षे उशिरा पोचली. तरी टोकन मागतात.

भाचा मात्र हार मानेना. त्याने माझ्यापुढे व्याकरण मांडले. पैसे काढायची स्लिप म्हणजे आज्ञार्थ : ‘पैसे द्या.’ खात्यातली नोंद म्हणजे भूतकाळ : ‘पैसे दिले.’ आज्ञा नाकारता येते, घडलेली गोष्ट नाकारता येत नाही. चूक झाली तरी खोडायचे नाही, खाली उलट नोंद टाकायची. आणि अ‍ॅग्रिगेट म्हणजे एक खाते, त्याच्या नोंदी आणि त्याचे नियम. शिल्लक पुरते का, हे त्याने आपल्याच नोंदींवरून ठरवायचे; शेजाऱ्याच्या पासबुकात डोकावायचे नाही.

‘समजा, नवरा काउंटरवर आणि बायको एटीएमवर एकाच वेळी आली तर?’ मी खोडा घातला.

‘प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. दोघांनीही छप्पन्नपर्यंत पाहिलं. सत्तावन्नावी बायकोची पडली, की नवऱ्याला सांगायचं, खातं पुन्हा वाचा.’

हे मला प्रोग्रॅमपेक्षा संसाराला लागू वाटले.

फंक्शनल भाषा त्याला एवढ्यासाठी आवडते, की तिथे सगळे काम दोन फंक्शनांत उरकते. एक खात्याची स्थिती आणि स्लिप पाहून काय घडले ते ठरवते. दुसरे जुनी स्थिती आणि घडलेली गोष्ट घेऊन नवी स्थिती देते. त्यांना घड्याळाकडे पाहण्याचीही परवानगी नाही. तारीखसुद्धा बाहेरून हातात द्यायची. तेच खाते, तीच स्लिप, तर उत्तर तेच. जेवणाच्या सुट्टीआधी या नाहीतर नंतर या. असा कारकून मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

‘पण हजारो नोंदी दर वेळी पहिल्यापासून वाचायच्या?’

‘अधूनमधून शिल्लक काढून ठेवतो. तुमचं ‘मागील पानावरून पुढे’ असतं ना, तसं. पण मागचं पान फाडत नाही.’

‘का?’

‘उद्या कोण काय विचारेल ते आज माहीत नसतं, मामा.’

इथे मात्र मी गप्प झालो. आमच्याकडे एक शेतकरी यायचा. दर वर्षी पेरणीच्या तोंडावर पासबुक छापून घ्यायचा आणि जीवन ज्योती विम्याचे 436 रुपये कापलेले दिसले, की भांडायचा. ‘माहे पैसे कुठी गेले, भाऊ?’ मी समजावायचो, तो पुटपुटत जायचा. एका वर्षी सोयाबीन काढणीच्या सुमारास त्याची बायको आली. नवरा आजारात गेला होता. म्हणाली, ‘खातं बंद करा, असतीन तेवढे द्या.’ पडद्यावर शिल्लक होती 61 रुपये. तेवढे देऊन खाते बंद करता आले असते. आकडा बरोबरच होता. पण तिच्या हातातल्या पासबुकात चार ओळी वर मेअखेरची नोंद होती : 436. म्हणजे विमा चालू होता आणि वारस म्हणून तिचे 2 लाख रुपये येणे होते.

मृत्यूचा दाखला, अर्ज, सह्या, अंगठे, हेलपाटे सगळे झाले. पैसे तिच्या खात्यात जमा झाले तेव्हा मी तिला पासबुकातली रक्कम दाखवली. तिने पाहिली, मान हलवली. मग पिशवीतून नवऱ्याचे जुने पासबुक काढून माझ्यापुढे सरकवले.

‘ते भांडत जायचे ते कायच्यावरून? ते दाखवा.’

मी ओळीवर बोट ठेवले. ती वाचायला शिकलेली नव्हती. तरी बराच वेळ पाहत राहिली.