परवाना संपत नाही, सराव संपतो

पोहणं आणि सायकल एकदा आली की जन्मभर विसरत नाही, असं आपण म्हणतो. विमान चालवण्याचं मात्र तसं नाही बरं का! आठ वर्षं त्याला हात लावला नाही, तर काय होतं ते मी अनुभवलं आहे.

आधी सांगते, मी काही वैमानिकाची नोकरी करणारी नव्हे. नाशिकची, मराठी घेऊन बी.ए. झालेली. लग्न होऊन अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी आले. घर सांभाळते आणि आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवते. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. इथे हौशी लोक लहान विमानं चालवायला शिकतात, तशी मीही शिकले आणि २०१४ साली खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवला. २०१६ साली लेक झाली, मग मुलगा. परवाना लग्नातल्या शालूसारखा कपाटात घडी होऊन पडला.

गंमत अशी की, इथल्या परवान्यावर मुदत संपण्याची तारीखच नसते. तो कायमचा. पण तेवढ्यावर उडता येत नाही. मागच्या चोवीस महिन्यांत प्रशिक्षकाबरोबर उजळणी झालेली हवी. निदान एक तास जमिनीवर नियमांची आणि निदान एक तास हवेत. वैद्यकीय दाखला हवा. चाळिशीच्या आत तो साठ महिने चालतो. माझा केव्हाच संपला होता. आणि कुणाला सोबत न्यायचं, तर मागच्या नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झालेल्या हव्यात. एकटीनं जायला ही तीनची अट नाही! स्वतःचा जीव स्वतःचा, पण दुसऱ्याचा जीव हाती घ्यायचा तर हात ताजा हवा.

२०२४ च्या वसंतात मी घरात विषय काढला. हे म्हणाले, "खर्चाचं बघू, पण तुझं मन आहे का?" सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, दोन लेकरांची आई तू. कशाला हा जिवाशी खेळ?" प्रश्न खोटा नव्हता. रात्रभर तो माझ्या उशाशी होता. सकाळी मी त्यांना सांगितलं, "आई, धोका आहेच. म्हणून तर आधी शिकणार, मग उडणार. प्रशिक्षकांनी सही केली नाही, तर नाही उडणार." त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या शनिवारी मुलांना न्याहारी घालून, "जा तू, उशीर होईल," एवढंच म्हणाल्या.

शाळेच्या पगारातून मी तासांचे पैसे बाजूला काढले. प्रशिक्षक सत्तरीचे, शांत गृहस्थ. या उजळणीत पास-नापास नसतं. त्यांचं समाधान झालं की ते वहीत सही करतात, नाहीतर तो सरावाचा तास म्हणून धरतात. मला हवेत पाच तास लागले. विमान तेच, चार जणांचं सेसना १७२. पण बाकी बरंच बदललेलं. कागदी नकाशांऐवजी बहुतेकांच्या मांडीवर टॅब. आपण कुठे आहोत हे आपोआप कळवणारं यंत्र १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवती सक्तीचं झालेलं. हाताला आठवत होतं, जीभच अडखळत होती. रेडिओवर मनोऱ्याशी बोलायचे शब्द मी पोळ्या लाटताना पुटपुटायची. मुलगा हसायचा.

या दिवसांत मला कॅथरिन राइटची फार आठवण यायची. राइट बंधूंची धाकटी बहीण. १८९८ साली पदवीधर झाली, डेटनच्याच शाळेत लॅटिन शिकवायची. १९०८ च्या सप्टेंबरात ऑर्व्हिल विमान कोसळून जबर जखमी झाला, तेव्हा ती रजा घेऊन त्याच्या उशाशी गेली. पुन्हा कधी शाळेत शिकवायला परतली नाही. १९०९ साली फ्रान्समध्ये विल्बरच्या शेजारी बसून ती आकाशात गेली खरी. पण तिच्या शिकवण्याचं काय झालं, हे कोण विचारतं? घरच्यांसाठी थांबणं तिला जड गेलं की नाही, मला ठाऊक नाही. मला मात्र थांबल्याचं दुःख नव्हतं. परत जाता आलं नसतं, तर झालं असतं.

सही मिळाल्यावर मी एकटीनं तीन फेऱ्या मारल्या. शेजारची खुर्ची रिकामी, उतरताना काटा पासष्ट नॉट्सवर. तिसऱ्यांदा चाकं धावपट्टीला लागली, तेव्हा कायद्यानं मी लेकीला घेऊन जायला मोकळी झाले होते.

पण कायदा सांगतो ते कमीत कमी. मी माझ्यापुरता नेम केला : आधी एकटीनं आणखी दहा तास, आडव्या वाऱ्यातला सराव, मग लेक. मैत्रिणींनो, तुमचं पेटीत ठेवलेलं काही असेल—गाणं, शिवण, स्कूटर, राहिलेलं बी.एड.—तर ते गेलं असं समजू नका. मात्र पहिल्याच दिवशी पूर्वीइतकं जमेल अशी अपेक्षाही नको. उजळणीचे तास धरूनच हिशेब मांडा, आणि ते घरात आधी सांगून टाका.

लेकीनं दहा तासांसाठी कॅलेंडरवर दहा चौकोन काढलेत. त्यातले सहा रंगवून झालेत. रंगवायचं काम सासूबाईंकडे आहे.