कट न म्हणता

इटलीतल्या टस्कनी प्रांतात बान्यो विन्योनी नावाचं छोटं गाव आहे. आपल्याकडे गावात जिथे पार किंवा चौक असतो, तिथे या गावात गरम पाण्याचं जुनं, ऐसपैस कुंड आहे. आंद्रेई तारकोव्हस्कीच्या ‘नोस्ताल्जिया’ या चित्रपटात (१९८३) शेवटाकडे हे कुंड उपसलेलं दिसतं. तळाशी चिखल, डबकी आणि मधूनच वाफ. गोर्चाकोव्ह हा रशियन कवी तिथे उतरतो, मेणबत्ती पेटवतो, एका टोकाच्या भिंतीला हात लावतो आणि दुसऱ्या टोकाकडे चालू लागतो. पेटती मेणबत्ती पलीकडे पोचवलीस तर जग वाचेल, असं दोमेनिको नावाच्या एका वेडसर माणसाने त्याच्याकडून कबूल करून घेतलेलं आहे.

अर्ध्या वाटेत मेणबत्ती विझते. तो मुकाट्याने मागे फिरतो, भिंतीला पुन्हा हात लावतो, पुन्हा पेटवतो. पुन्हा विझते. ट्रॉलीवरचा कॅमेरा त्याच्या बाजूने, त्याच्याच चालीने सरकत असतो. तो वळला की कॅमेराही वळतो. नऊएक मिनिटं हे असंच, मध्ये एकही कट नाही. निरांजन घेऊन देवघरातून तुळशीपर्यंत ज्याला जावं लागलंय त्याला ही चाल ओळखीची वाटेल. एक हात ताटलीखाली, दुसरा ज्योतीच्या आड, पावलं घासत, आणि घरातलं कुणीही आडवं आलं की त्याच्यावर वस्सकन ओरडायचं.

हाच प्रसंग एखाद्या चलाख संकलकाच्या हाती दिला असता तर? पाऊल, ज्योत, कपाळावरचा घाम, ज्योत, पलीकडची भिंत. पाऊण मिनिटात काम फत्ते. गोष्ट पूर्ण कळली असती, आणि आपला जीव एकदाही खालीवर झाला नसता. कटमध्ये एक आश्वासन दडलेलं असतं. तुकडे जोडणारा कुणीतरी आहे आणि तो आपल्याला सुखरूप पलीकडे नेणार आहे, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. इथे ते आश्वासनच काढून घेतलंय. मेणबत्ती पहिल्यांदा विझते तेव्हा मला चक्क कंटाळा येतो. दुसऱ्यांदा विझते तेव्हा राग येतो, कुणाचा ते सांगता येत नाही. तिसऱ्या खेपेला मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलेला असतो, आणि जग वाचण्याशी मला काहीही देणंघेणं उरलेलं नसतं. ती ज्योत तेवढी राहावी.

ओलेग यान्कोव्हस्की या नटाचं कौतुक व्हायला हवंच. पण असा शॉट पाहताना माझं मन बऱ्याचदा पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या माणसाकडे जातं. फोकस पुलर. कॅमेऱ्याच्या कुशीत उभा असलेला हा माणूस आधी टेप घेऊन अंतरं मोजतो: इथे नट थांबला तर बारा फूट, तिथे वळला तर सात. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करतो, लेन्सच्या चाकावरच्या पांढऱ्या चकतीवर पेन्सिलीने रेघा मारतो. शॉट सुरू झाला की एक नजर नटाच्या पायांवर, एक हात चाकावर. नट ठरल्यापेक्षा वीतभर पुढे थांबला तर याने त्या क्षणी ओळखायचं आणि चाक तेवढंच फिरवायचं. तीन सेकंदांच्या शॉटमध्ये चुकलं तर रीटेक. आठव्या मिनिटाला चुकलं तर आधीची सात मिनिटंही गेली, आणि सेटवरची सगळी डोकी याच्याकडे वळतात.

फिल्मच्या काळात लांबीला मर्यादा होती ती रिळाची. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, म्हणून हिचकॉकने ‘रोप’मध्ये (१९४८) कट लपवायला कुणाच्या तरी कोटाच्या पाठीवर कॅमेरा नेऊन टेकवला. चतुर आहे, पण ती पाठ जवळ येऊ लागली की मला सिनेमा कमी आणि जादूगाराची बाही जास्त दिसते. ऑर्सन वेल्सचं वेगळं. ‘टच ऑफ इव्हिल’च्या (१९५८) सुरुवातीला एक हात टाइमबाँबची चावी फिरवतो, बाँब गाडीच्या डिकीत जातो आणि गाडी निघते. तीन मिनिटांहून जास्त वेळ क्रेनवरचा कॅमेरा छपरांवरून, गल्लीतून, बकऱ्यांच्या कळपामागून सीमेवरच्या नाक्यापर्यंत येतो. पहिला कट स्फोटाबरोबरच. घड्याळ बाँबचं आणि वेळ आपली, एकच. सांगतात की नाक्यावरच्या अधिकाऱ्याचं काम करणारा नट ऐनवेळी वाक्य विसरायचा, म्हणजे शॉटच्या अगदी शेवटी. रात्र सरत आली तेव्हा वेल्सने त्याला सांगितलं, नुसते ओठ हलव, आवाजाचं नंतर बघू.

तारकोव्हस्कीच्या वाट्याला आलं ते याहून जिव्हारी लागणारं. ‘द सॅक्रिफाइस’ (१९८६) हा त्याचा शेवटचा चित्रपट, स्वीडनच्या गोटलंड बेटावर चित्रित केलेला. त्यात अलेक्झांडर नावाचा माणूस देवाला दिलेल्या शब्दाखातर आपलं राहतं घर पेटवतो. भूमिका एरलंड योसेफसनची, म्हणजे ‘नोस्ताल्जिया’त मेणबत्तीचं वचन घेणारा दोमेनिको तोच. लाकडी घर खरोखर उभारलं आणि खरोखर पेटवलं. ते जळत असताना कॅमेरा अडकला. छायाचित्रकार कोण, तर दिग्दर्शक बर्गमनचा नेहमीचा स्वेन न्युकव्हिस्ट! घराची राख झाली, शॉट हाती नाही. मग दोन आठवड्यांत तेच घर पुन्हा बांधलं, या खेपेला दोन कॅमेरे लावले आणि पुन्हा काडी लावली. आज आपण पाहतो तो दुसरा जाळ. सहा मिनिटांहून जास्त वेळ माणसं पाण्याच्या डबक्यांतून धावताहेत, अलेक्झांडर हातातून निसटतोय, रुग्णवाहिका येते, आणि मागे घर आपल्या गतीने जळतंय. आगीला दिग्दर्शकाची घाई कळत नाही.

अलीकडे डिजिटलमुळे रिळाचा अडसर गेला. सोकुरोव्हने २००१च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ‘रशियन आर्क’ हा अख्खाच्या अख्खा चित्रपट एका शॉटमध्ये घेतला, तोही दिपवतो. पण नुसती लांबी मला पुरत नाही. ‘बघा, आम्ही थांबलो नाही’ असं चित्रपट सारखा कानात सांगू लागला, की मी घड्याळ बघतो.

उलट चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळा हलतच नाही, आणि मी मात्र जागच्या जागी चुळबुळत असतो. लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला आहे: त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला म्हणे. त्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. नवरा दारू प्यायचा, कारण त्याशिवाय तो वास सोसायचा नाही. उतरण्याआधी मॅनहोलमध्ये खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे. हे ती बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगते. ती भूमिका करणारी बाई व्यावसायिक नटी नाही. कुठल्याही दुसऱ्या चित्रपटात इथे तिच्या डोळ्यांचा क्लोजअप आला असता, मागे सारंगी वाजली असती, आपण डोळे पुसून मोकळे झालो असतो. ताम्हाणे आणि छायाचित्रकार मृणाल देसाई ती सोय करून देत नाहीत. चौकट रुंदच राहते. तिच्यात ती आहे, वकील आहेत, मागच्या बाकांवर आपला नंबर कधी येतो म्हणून ताटकळलेली माणसं आहेत. तिचं बोलणं मध्येच थांबवून न्यायाधीश ते टंकलेखनासाठी कोर्टाच्या भाषेत सांगतात. कुठे बघायचं हे माझं मलाच ठरवावं लागतं, आणि मी दोन क्षण मागच्या बाकावरच्या माणसांकडे बघत बसलो तर त्या दोन क्षणांपुरता मीही त्या कोर्टातलाच एक होतो.

पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं. माणसं निघून जातात, दिवे एकेक करून विझतात, आणि काळा पडदा तसाच राहतो, राहतो, राहतो. मी पाहिला तेव्हा शेजारच्या काकांनी इथे पिशवी उचलली आणि गुडघ्यांवर हात टेकून ते उठलेसुद्धा. काकू म्हणाल्या, “अहो, नावं तरी येऊ देत.” नावं आली नाहीत, सुट्टीवर निघालेले न्यायाधीश आले. “अजून आहे होय?” म्हणत काका परत बसले आणि पिशवी मांडीवरच ठेवली, न जाणो पुन्हा संपला तर.