गीझरचा हट्ट

आमच्या आईने उभा जन्म चुलीवरच्या तांब्याच्या हंड्यातले पाणी अंगावर घेतले. माडाची सोडणे आणि करवंट्या यांवर तापलेल्या पाण्याला धुराचा एक मंद वास असतो. त्या वासावाचून अंघोळ म्हणजे नुसते भिजणे, असे तिचे ठाम मत. परंतु हंडा उचलण्याचे बळ तिच्या हातांत उरले नाही, आणि मास्तरकी व लेखन यांतून सवड काढून रोज चूल पेटवण्याचा उत्साह माझ्यातही नव्हता. म्हणून गेल्या वर्षी वैशाखात न्हाणीच्या भिंतीवर मी मोठ्या ऐटीत एक गॅसचा गीझर बसवून घेतला. नळ सोडला की टकटक ठिणगी पडावी, निळी ज्योत फुलावी आणि क्षणात वाफाळते पाणी यावे! शेजारीपाजारी पाहून गेले.

मग पाऊस आला. मिठबावचा पाऊस वरून पडत नाही. तो समुद्राकडून आडवा येतो, आणि भिंतीला कोठे फट आहे हे घरमालकाच्या आधी त्याला ठाऊक असते. दर आषाढात हातोडी आणि प्लॅस्टिक घेऊन मी घराभोवती फिरतो, तसा तेव्हाही फिरलो. पुढे आठवड्याभरातच गीझर अंघोळीच्या मध्येच विझू लागला.

प्रथम मी त्यातले दोन मोठे सेल बदलले, कारण ठिणगी त्यांवरच पडते. दोन दिवस समाधानात गेले. मग पाणी आत येते तेथली जाळी काढून पाहिली, तर ती विहिरीच्या रेतीने भरलेली. पाण्याचा जोर कमी झाला की गीझरमधला पडदा हलत नाही, आणि पडदा हलल्याशिवाय गॅसची वाट उघडत नाही. जाळी धुतली. तरी हट्ट चालूच! त्यातही चमत्कार असा, की दार उघडे ठेवून मी समोर पहारा करीत उभा राहिलो, तर हा पठ्ठ्या पाव तास अखंड जळे. आई आत जाऊन दार लावी, आणि पाच-सात मिनिटांत अंधार.

"आई, तू त्याचे बटण फिरवतेस का?" मी एकदा विचारलेच.

"मेल्या, मी कित्याक हात लावतलंय? मी आत गेलंय की तो इझता. माझ्यावर राग आसा तेचो!"

एका श्रावणी सोमवारी ती न्हाणीतून बाहेर आली ती चौकट धरूनच खाली बसली. डोके जड झाले, घेरी आली, म्हणाली. उपासाचे पित्त असेल, असे ठरवून मी तिला लिंबाचे सरबत दिले. हे लिहितानाही हात थबकतो.

अखेर एका तरुण कारागिराला बोलावले. त्याने झाकण उघडून ज्योतीत शिरलेली एक बारीक दांडी दाखवली. जळत्या ज्योतीतून अगदी क्षीण वीज वाहते, हे मला चाळिशी उलटल्यावर त्या दिवशी कळले! ती वीज दांडीला लागली तर ज्योत आहे असे समजायचे; न लागली तर यंत्र गॅस तोडते. "गुरुजी, ही दांडीच खोटं सांगते. तिची भानगड मधून काढून टाकू, मग विझायचा नाही," तो म्हणाला. शनिवारी येऊन काम करायचे ठरले. मी खूश झालो.

शुक्रवारी रात्री न्यू जर्सीहून ताईचा फोन आला. तिकडे थंडीत सारे घर गॅसच्या भट्टीने तापवतात. मी माझे रडगाणे सांगितले तेव्हा ती हसली. तिची भट्टीही एका हिवाळ्यात अशीच वारंवार बंद पडे. तिने दांडी घासली, गाळणी बदलली; आणि दोष निघाला तो घराबाहेर! भट्टीला हवा पुरवणाऱ्या नळीच्या तोंडावर बर्फ साचला होता.

"तुझ्या गीझरला हवा कुठून मिळते रे?" तिने सहज विचारले.

मी कंदिलासारखा मोबाईल धरून न्हाणीत गेलो. वरच्या जाळीच्या खिडकीवर, चार बाजूंनी खिळे मारून घट्ट बसवलेले, माझ्याच हातचे प्लॅस्टिक होते.

हवेत शंभरात सुमारे २१ भाग ऑक्सिजन असतो. कोंडलेल्या खोलीत तो ज्योतीने खाल्ला की ज्योत बर्नरवरून उचलू लागते, आणि जळण अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २००हून अधिक पट घट्ट चिकटतो. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन याने पहिला गीझर काढला, तेव्हा त्यालाही धूर बाहेर नेणारी नळी नव्हती म्हणे. म्हणजे या कुळाचा दोष जुनाच.

ज्योत दांडीवरून सुटत होती म्हणून दांडी गॅस तोडत होती. ती खोटे बोलत नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिलाच काढणार होतो.

खिळे मी त्याच रात्री उपटले. शनिवारी कारागीर आला, त्याच्याकडून गीझर न्हाणीतून काढून मागच्या पडवीत, उघड्या वाऱ्यावर बसवला. आत फक्त पाण्याची नळी येते. त्यानंतर तो एकदाही मध्येच विझला नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फोडून मी मागीलदारी आलो, तर आई चुलीत सोडणे सारत बसलेली. वर घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्याचा हंडा. माझ्या काळजात चर्र झाले.

"गीझर बंद पडलो काय गो?"

"नाय रे, बरो चलता. पण आज चावदिस. आज तेका सुटी."