काळ्यावर चिंच

जपानी तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामध्ये जी चकती असते ती त्सुबा. क्योतोत नोकरीला असताना मी त्या जमवू लागलो, बहुतेक तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला भरणाऱ्या बाजारातून. जमवताना ज्या बिघडवल्या, त्यांची ही हकीकत.

सुरुवातीला मला फक्त नावं कळायची. नोबुइए हे लोखंडी त्सुबांमधलं फार मोठं नाव. त्या नावाची दोन जपानी अक्षरं दिसताच मी घासाघीस न करता पैसे मोजले. मोठ्या नावाच्या नकलाही उदंड असतात, हे नंतर कळलं. ठोकून घडवलेल्या लोखंडात जाळी कापली की आतल्या कडांवर छिन्नी-कानशीचे माग राहतात आणि कोरलेल्या अक्षरांना धार असते. माझ्या त्सुबेवरची अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी बोथट होती. ओतीव माल. विकणाऱ्याने ती जुनी आहे असं म्हटलंही नव्हतं. त्याच सकाळी शेजारच्या माणसाकडची ओवारी प्रांताच्या वळणाची एक जाड त्सुबा मी नाकारली होती, कारण तिच्या काठाला गाठी होत्या आणि मला लोखंड कच्चं वाटलं. त्या गाठी म्हणजे तेक्कोत्सु. लोखंडातले जास्त कार्बनचे कडक भाग काठाशी असे वर दिसतात, आणि जाणकार नेमके तेच बोटाने चाचपतात.

पुढच्या चुकीत नुसते पैसे गेले नाहीत. लोखंडी त्सुबेचा तपकिरी-काळा रंग हा मळ नव्हे, तो कारागिराने चढवलेला असतो. एका रीतीत गंज आणणारं द्रावण पुन्हा पुन्हा लावून पातळ, एकसारखा गंज धरवतात आणि मग चहाच्या पाण्यात उकळतात. टॅनिनमुळे तांबडा गंज काळा होऊन घट्ट बसतो. एक त्सुबा व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून मी तो तारेच्या ब्रशने काढला. तिच्यावर सोन्याचं नुनोमे काम होतं. त्यात लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा पाडून त्यांवर सोन्याचा पातळ पत्रा ठोकतात. आपल्या तलवारींवरच्या कोफ्तगिरीचीही हीच युक्ती. निम्मं सोनं ब्रशबरोबर गेलं. पुण्याला परतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्या उघड्या लोखंडावर नारिंगी गंज आला. खरं तर हाडाच्या किंवा हरणाच्या शिंगाच्या तुकड्याने तेवढा लाल ठिपका खरवडायचा आणि मग महिनोन्महिने सुती कापडाने चोळत राहायचं, एवढंच काम असतं.

तरी शहाणपण आलं नाही. शाकुदो हा तांब्याचा मिश्रधातू, आणि तांब्याला चिंच लावणं आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. शाकुदोत साधारण शेकडा तीन ते पाच भाग सोनं असतं. नुसता घासला तर तो तांब्यासारखाच दिसतो. किसलेल्या मुळ्याच्या रसातून काढून रोकुशो नावाच्या ताम्रक्षाराच्या द्रावणात उकळला, की त्यावर जांभळट झाकेचा काळा रंग येतो. पंधराव्या शतकातल्या गोतो युजोपासून गोतो घराण्याचा हा आवडता धातू. त्यावर पोकळ टोकाच्या ठशाने मिलिमीटरहून बारीक दाणे रांगेत उठवतात, त्याला नानाको म्हणतात. माझ्या अशाच एका त्सुबेवर चिंचेने दाण्यांचे माथे तांबूस केले आणि फटी काळ्या ठेवल्या. बायकोला ते छान दिसलं. मलाही, संध्याकाळपर्यंत.

१८७६ मध्ये जपानमध्ये कंबरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी आली आणि शाकुदोचे कारागीर फुलदाण्या, डबे घडवू लागले. म्हणून ही विद्या टिकली आणि आजही रंग पुन्हा चढवून मिळतो. पण त्यासाठी उरलेला जुना रंगही काढावा लागतो. मी ती त्सुबा तशीच ठेवली आहे.

आणखी एकीच्या मधल्या खाचेत तांब्याचे तुकडे ठोकलेले होते. गबाळी दुरुस्ती समजून मी ते उपसले. ते होते सेकिगाने, दुसऱ्या तलवारीवर त्सुबा घट्ट बसावी म्हणून घालतात ते. ती हत्यारावर वापरली गेली होती, याची खूण मीच काढून टाकली.

तारेच्या ब्रशने घासलेली मात्र मी विकली. वर्णनात ‘स्वच्छ केलेली’ असं लिहिलं. घेणाऱ्याने कशाने, ते विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.