'येतो' म्हणून जाणं

घरातून निघताना तोंडून "जातो" गेलं की आजी उंबऱ्यातच हटकायची, "जातो काय? येतो म्हण." शकुन-अपशकुनाच्या गोष्टी, म्हणून मी हसून सोडून द्यायचो. त्या एका शब्दाचं वजन मला कळलं ते सिडनीच्या पश्चिमेला, ब्लू माउंटन्समधल्या एका कड्यावर, रात्री साडेनऊला.

ब्लू माउंटन्स, म्हणजे निळे डोंगर. युकॅलिप्टसच्या पानांतल्या तेलाची वाफ हवेत तरंगते, म्हणून इथल्या दऱ्या निळसर दिसतात असं सांगतात. आणि त्याच झाडाला आपण मराठीत काय म्हणतो? निलगिरी! एकोणिसाव्या शतकात ते ऑस्ट्रेलियातून तामिळनाडूतल्या निलगिरी पर्वतावर गेलं आणि त्या पर्वताचं नाव लावून आपल्याकडे आलं. सर्दी झाली की आई रुमालावर दोन थेंब टाकायची, तो वास इथे तापल्या दुपारी अख्ख्या खोऱ्यातून वर येतो. परमुलखातलं रान पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं आणि तिथेच मी फसलो.

कारण हे डोंगर उलटे आहेत. सह्याद्रीत पायथ्याच्या गावातून चढायला लागायचं, गडावर पिठलं-भाकरी खायची, उन्हं कलली की उतरायचं. कष्ट आधी, सुख मागाहून. इथे गावं, रेल्वे, हमरस्ता सगळं पठारावर, सुमारे 1000 मीटर उंचीवर. सकाळी ताज्या पायांनी दरीत उतरायचं आणि संध्याकाळी दमलेल्या पायांनी वर यायचं. एका जागेचं नावच 'पेरीज लुकडाउन' आहे. तिथून ब्लू गम फॉरेस्टची वाट 600 मीटरहून अधिक खाली कोसळते. उतरताना डोंगर एका शब्दाने काही विचारत नाही. चढताना पायरी-पायरीला हिशेब मागतो.

मी आणि माझा मित्र, दोघंही नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेले. आम्हाला कोण काय सांगणार! खाली ग्रोस नदीकाठी ब्लू गमची झाडं पाहिली आणि घड्याळ विसरलो. गुळगुळीत, राखाडी-पांढरे, सरळसोट बुंधे. देवराईत शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं. ही झाडं उभी आहेत तीही काही भटक्यांमुळे. 1931 च्या ईस्टरला इथे आलेल्या मंडळींना कळलं, की जमिनीचा ताबा असलेला माणूस ही झाडं तोडून अक्रोड लावणार आहे. मंदीचे दिवस होते, तरी त्यांनी 130 पौंड उभे करून जंगल सोडवलं. पुढे 1936 मध्ये इथल्या बुशवॉकिंग क्लबांनी हरवलेल्यांना शोधण्यासाठी स्वतःचं पथक उभारलं. रान वाचवणारे पाच वर्षांत रानातून माणसं वाचवायला लागले.

आमच्या डोक्यात जून म्हणजे पाऊस. इथे जून म्हणजे कडाक्याचा हिवाळा आणि पाचला अंधार, हे दोघांच्याही ध्यानात नाही. विजेरी एक, फोनला रेंज नाही. दर वीस पायऱ्यांवर बसत, एकमेकांना शिव्या घालत वर पोचलो, तर गाड्यांचे दिवे, पोलीस आणि नारिंगी कपड्यांतली सात-आठ माणसं. बायकोने घाबरून पोलिसांना फोन केला होता. दोर, हेल्मेट, स्ट्रेचर अशी खाली उतरायची तयारी चाललेली. आमच्यासाठी.

साठीच्या एका बाईंनी थर्मासमधला चहा हातात दिला. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "परत किती वाजता येतो म्हणून सांगितलं होतं?"

सांगितलंच नव्हतं. मी "जातो" म्हणून आलो होतो.

त्या नारिंगी कपड्यांचं नाव स्टेट इमर्जन्सी सर्व्हिस, एसईएस. 1955 च्या फेब्रुवारीत हंटर खोऱ्यात महापूर आला, त्यातून ती जन्मली. पुरातून माणसं काढणं, वादळात उडालेल्या छपरावर ताडपत्री बांधणं, रस्त्यात आडवं झालेलं झाड करवतीने कापणं ही रोजची कामं. शोधमोहीम पोलिसांची, हे मदतीला. बहुतेक सगळे स्वयंसेवक, पगार नाही. त्या चहाचं देणं फेडायचं म्हणून मी गेलो आणि तिथलाच झालो.

शोधकामातली सर्वांत अवघड गोष्ट दोरावर लोंबकळणं असेल असं मला वाटायचं. खरी अवघड आहे गप्प राहणं. ठरल्या क्षणी सगळ्यांनी एकदम शिट्टी फुंकायची, नाव पुकारायचं आणि मग हूं की चूं नाही. बुटाखाली काटकीसुद्धा मोडायची नाही. मानेवर चढलेली जळूही त्या वेळी झटकायची नाही. कधी पलीकडून शीळ येते, जीव हरखतो, आणि तो निघतो लायरबर्ड, नकला करण्यात पटाईत पक्षी. इथली जुनी हाक आहे 'कूई'. सिडनी परिसरातल्या धारुग या मूळ रहिवाशांच्या भाषेतून ती आली. अर्थ, 'इकडे ये'. अंधारात ती हाक लांबवली, की मला वाटतं आपण नुसतं "ये" म्हणतोय आणि दरीने "येतो" म्हणावं म्हणून कान लावून बसलोय.

एकदा पाय मोडलेल्या मुलाला वर आणलं. स्ट्रेचर सहा जणांनी धरायचं. वाट फारच वाईट असली, की दुतर्फा उभं राहून हातोहात पुढे सरकवायचं, मागचे रिकामे झाले की धावत पुढे. वारीतल्या पालखीसारखी खांदेपालट. आपल्याकडे खांदा देणं म्हटलं की पुढचं बोलायला नको. इथे जिवंत माणसाला खांदा दिला आणि तो मुलगा वाटेत दोनदा विचारत होता, "वर चहा मिळेल ना?" लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र', खोपोलीची 'यशवंती हायकर्स' ही मंडळी पावसाळी दऱ्यांत नोकऱ्या सांभाळून हेच करतात. त्यांच्या बातम्या वाचताना आता माझाही खांदा दुखतो.

सगळेच वर येत नाहीत. एका पहाटे पोलिसांनी रेडिओवर शोध थांबवायला सांगितलं. कुणी "का?" असं विचारलं नाही. परतताना निलगिरीचा वास नेहमीसारखाच होता, त्याचा मला राग आला.

इथे दरीत उतरण्याआधी भरायचा एक फॉर्म असतो. कुठली वाट, सोबत कोण, परतायची वेळ. संकटात उपग्रहाला इशारा देणारं यंत्रही फुकट वापरायला मिळतं. फॉर्म भरताना मला आजी आठवते. हे सगळं ती एका शब्दात भरून घ्यायची.

परवा रात्री दोनला फोन वाजला. नारिंगी शर्ट चढवला, बूट हातात घेऊन दारापर्यंत आलो आणि हळूच म्हणालो, "येतो."

अंथरुणातून झोपाळलेला आवाज आला, "किती वाजेपर्यंत?"