११७ व्होल्टचा पाहुणा

लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. या एका ओळीने आपल्याला पार लाडावून ठेवलंय. टोकियोचे १०० व्होल्ट असोत, शिकागोचे १२० की पुण्याचे २३०, पिन बदलली की काम झालं. आतला एसएमपीएस आलेल्या विजेचं आधी डीसी करून घेतो आणि मग आपल्याला हवं ते बनवतो. बाहेर काय चाललंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही.

ट्यूबच्या गिटार अ‍ॅम्पला मात्र असतं. (ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह, बरं का मंडळी!) आमच्या सामानाबरोबर अमेरिकेहून पुण्याला आलेला अ‍ॅम्प म्हणजे साठच्या दशकातला फेंडर डिलक्स रिव्हर्ब. जेमतेम २२ वॉटचा, पण शेजाऱ्यांशी वाकडं यायला तेवढे पुष्कळ झाले. त्याच्या पोटात आहे एक जडशीळ लोखंडी ट्रान्सफॉर्मर. तो ११७ व्होल्ट घेतो आणि मुख्यतः तीन वाटण्या करतो: ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट, रेक्टिफायर ट्यूबच्या हीटरला ५, आणि तिसरी वाटणी अशी की तिचं डीसी झाल्यावर चारशेच्या वर व्होल्ट होतात. भिंतीतला आकडा हलला की तिन्ही त्याच प्रमाणात हलतात. थेट २३० ला लावला आणि नुसता फ्यूज उडाला, तर नशीब समजा.

सगळे सुचवतात तो उपाय म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. पण दुकानात दोन प्रकार मिळतात, एकावर ११० लिहिलेलं आणि दुसऱ्यावर १२०. अमेरिकन वस्तू म्हणजे १२०, असं कुणालाही वाटेल. आता गणित करून बघा. आमच्याकडे रात्री मीटर २४५ दाखवतो. २३०:१२० च्या डब्यातून मग १२८ व्होल्ट बाहेर पडतात. ११७ साठी बनलेल्या अ‍ॅम्पमध्ये ६.३ चे होतात ६.९, म्हणजे हीटरला चालणाऱ्या दहा टक्क्यांच्या अगदी काठावर. २३०:११० च्या डब्यातून निघतात ११७, आणि हीटरला बरोब्बर ६.३! तेव्हा डब्यावरचा आकडा वाचून भागत नाही, भिंतीतला मोजावा लागतो.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण स्टेप-डाउन व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. लोखंडी गाभ्यात चुंबकत्व किती चढतं ते व्होल्ट भागिले हर्ट्झवर ठरतं. ११७ भागिले ६० म्हणजे १.९५, आणि ११७ भागिले ५० म्हणजे २.३४. सरळ वीस टक्के जास्त. गाभ्यात तेवढी ऐसपैस जागा नसेल तर तो सॅच्युरेट होतो, करंट वाढतो, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि गुरगुरतो. बरं, व्होल्ट कमी करून हे प्रमाण जुन्यावर आणावं म्हटलं तर ९७.५ पर्यंत उतरावं लागतं, आणि तिथे हीटर सव्वापाचवर येऊन उपाशी राहतो. म्हणजे एक बाजू झाकावी तर दुसरी उघडी.

हर्ट्झचा फरक कानालाही कळतो. रेक्टिफायरमधून येणारी गुणगुण मेन्सच्या दुप्पट असते. अमेरिकेत ती १२० हर्ट्झची, म्हणजे पांढरी एकला सा धरला तर कोमल आणि शुद्ध निषादाच्या मधे कुठेतरी लोंबकळणारी. इथे ती १०० हर्ट्झची, जवळजवळ पंचम. निदान सुराला धरून तरी गुणगुणतो!

असो. गमतीचा भाग सोडला तर खरा प्रश्न अर्थिंगचा आहे. त्या काळातल्या अमेरिकन अ‍ॅम्पना दोन पिनांची वायर असते, आणि मेन्सच्या एका तारेपासून चॅसीपर्यंत एक कपॅसिटर. त्याला 'डेथ कॅप' म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. गिटारच्या तारा चॅसीला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याचे हात तारांवर. ३ मे १९७२ ला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्वान्सीच्या मंचावर गेला, तो अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून. आमच्याकडे हा अ‍ॅम्प मुलगी वाजवते, ती गातेही. तेव्हा तो कपॅसिटर काढला, तीन पिनांची वायर घातली आणि हिरवी तार चॅसीला घट्ट बोल्टने आवळली. स्टेप-डाउन वापरणाऱ्यांनीही एवढं बघाच, की अर्थची पिन डब्यातून पलीकडे खरोखर पोचते का. बऱ्याच स्वस्त डब्यांत ती नुसती शोभेला असते.

शेवटी ट्रान्सफॉर्मरच बदलला. तापकीर गल्लीत ओळखीने एक वाइंडिंगवाले काका सापडले. त्यांनी ५० हर्ट्झला पुरेल असा जास्त जाड गाभा घेतला आणि प्रायमरीला २२०, २३०, २४० असे टॅप काढून दिले. मी २४० चा वापरला. व्होल्ट दुप्पट म्हणजे करंट निम्मा, म्हणून फ्यूजही निम्म्या अँपिअरचा. पहिल्यांदा सुरू करताना ट्यूब काढून, सीरिज बोर्डात शंभराचा बल्ब लावून. बल्ब मंदावला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद. आणि कुणी हौसेने आत हात घालणार असेल तर एकच सांगणं: वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर चारशे व्होल्ट धरून बसलेले असू शकतात. रेझिस्टर लावून ते रिकामे करा, मीटरने शून्य बघा, मगच बोट लावा.

जुन्या अ‍ॅम्पचे शौकीन म्हणतील की मूळ ट्रान्सफॉर्मर काढून किंमत घालवली. असेल. आम्हाला तो विकायचा नाही, वाजवायचा आहे. तरी जुना ट्रान्सफॉर्मर कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, कोणत्या रंगाची तार कुठे जोडली होती त्याच्या चिठ्ठीसकट. उद्या मुलगी तिकडे शिकायला गेली आणि अ‍ॅम्प घेऊन गेली, तर तिला पुन्हा ११७ लागतील.